भत्ता देतो, मग मजुरी कशाची?

आमच्या विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग भरतो. मागच्या महिन्यात विषय होता बेरोजगारी आणि राज्यसंस्था. बोलता बोलता ब्रिटनमधल्या बेकारभत्त्याचा विषय निघाला. तिथे काही वर्षांपूर्वी भत्ता घेणाऱ्यांना विनावेतन कामावर पाठवत असत, हे मी सांगितलं. तेव्हा एक पदवीधर मुलगा म्हणाला, "ताई, यात वाईट काय? घरी बसून भत्ता खाण्यापेक्षा फुकट का होईना, काम केलेलं बरं. निदान सवय तरी राहते."

वर्गातल्या निम्म्या मुलांनी माना डोलावल्या. प्रश्न विचारणारा मुलगा नुकताच सहा महिने एका सरकारी कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून काम करून परतला होता. ज्या टेबलावर तो बसायचा तिथला कारकून निवृत्त झालेला, जागा रिकामीच. काम तेच, पगार तो नाही. मुदत संपली, मुलगा घरी. तरीही त्याला फुकट काम बरं वाटतं, याचा मला त्या दिवशी धक्का बसला. त्याला वर्गात पुरतं उत्तर देता आलं नाही. ते इथे देते.

आधी ब्रिटनमध्ये काय झालं ते पाहू. २०११ साली तिथल्या सरकारने बेकारांसाठी सक्तीच्या कामाची योजना आणली. चार आठवडे, आठवड्याला ३० तासांपर्यंत काम. वेतन नाही. काम टाळलं तर भत्ता बंद. त्या वर्षी २५ वर्षांखालच्या बेकाराला आठवड्याला ५३ पौंड ४५ पेन्स भत्ता मिळत होता. भत्ता हीच मजुरी धरली आणि ३० तासांनी भागलं, तर तासाला दोन पौंडही पडत नाहीत. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून प्रौढ कामगाराचं कायदेशीर किमान वेतन होतं तासाला ६ पौंड ८ पेन्स!

अशाच आणखीही योजना होत्या. त्यातल्या एकीखाली भूगर्भशास्त्राच्या एका पदवीधर मुलीला दोन आठवडे 'पाउंडलँड' या स्वस्त वस्तूंच्या दुकानात पाठवण्यात आलं. ती तेव्हा एका संग्रहालयात स्वतःहून विनामोबदला काम करत होती, त्या क्षेत्रात नोकरी मिळावी म्हणून. ते सोडून तिला दुकानात फळ्या लावायला आणि झाडलोट करायला जावं लागलं. दुसऱ्या योजनेत एका बेकार ट्रकचालकाने सहा महिने फुकट काम करायला नकार दिला, त्याचा भत्ता थांबवला. दोघेही कोर्टात गेले. फेब्रुवारी २०१३ मध्ये अपील न्यायालयाने या योजनांचे नियम बेकायदा ठरवले. कापलेला भत्ता परत द्यावा लागेल, हा आकडा १३ कोटी पौंडांपर्यंत जाईल, असा सरकारचा अंदाज होता. मग सरकारने काय केलं? पुढच्याच महिन्यात पूर्वलक्षी कायदा करून बेकायदा गोष्ट कायदेशीर करून टाकली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही जुने नियम अवैधच ठरवले. पण ही सक्तीची मजुरी आहे, हे मात्र मानलं नाही.

बरं, त्या सक्तीचा उपयोग तरी झाला का? ज्या खात्याने ही योजना चालवली, त्यानेच २०१२ साली अभ्यास प्रसिद्ध केला. सक्तीच्या कामावर पाठवलेल्यांना नोकरी मिळण्याची शक्यता वाढलेली दिसली नाही. २००८ साली याच खात्याने अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया इथल्या अनुभवांचा आढावा घेतला होता. त्याचाही निष्कर्ष हाच होता, उलट काम शोधायचा वेळच अशा कामात जातो. हे माहीत असूनही योजना आणली, आणि २०१५ च्या अखेरीस गुंडाळायचं ठरवलं.

उपयोग नाही हे ठाऊक असताना सरकार असं का करतं? याचं उत्तर मागच्या शतकांत आहे. १८३४ साली इंग्लंडमध्ये गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. त्याचं तत्त्व असं की मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत हलाखीच्या मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, म्हणजे कुणी मदत मागायला येणारच नाही. त्यासाठी कामघरं उघडली. तिथे दगड फोडायचे, जुने दोर उकलायचे, हाडं कुटायची. १८४५ साली अँडोव्हरच्या कामघरातला प्रकार गाजला. कुटायला दिलेल्या हाडांना चिकटलेले मांसाचे तुकडे आणि आतली मज्जा भुकेने कासावीस झालेली माणसं खात होती. तिथलं काम माणसाला घडवण्यासाठी नव्हतंच. ते मदत मागणाऱ्याला लाज वाटावी म्हणून होतं.

हे तत्त्व इंग्रजांबरोबर आपल्या दख्खनेतही आलं. १८७६-७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी, आणि वर चिल्लर पैसे पुरेत असा हिशेब मांडला. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी जानेवारी १८७७ मध्ये कामं सोडली. उपाशी माणसांनी केलेला तो संपच होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मदत देतो म्हणून मजुरी कापतो, हा व्यवहार उपाशी मजुरालाही मान्य नव्हता, हे लक्षात ठेवा.

पण मित्रहो, ही युक्ती समजायला आपल्याला इंग्लंडला जायची गरज नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ती भोगली आहे. तिचं नाव महारकी वतन.

वतनदार महाराला जमिनीचा तुकडा होता, गावाकडून बलुतं होतं. त्या बदल्यात सरकारी निरोप पोचवणं, साहेबाचं सामान वाहणं, पाटील-कुलकर्ण्यांच्या हुकमावर दिवसरात्र हजर राहणं. मजुरी मागितली की उत्तर ठरलेलं : वतन दिलंय ना, मग मजुरी कशाची? १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेला सरकारी शिक्का मिळाला. मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यांचा आक्षेप मुळावर होता. महार चोवीस तास सरकारचा नोकर. तो हजर नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला कामाला जुंपायचं. आणि या सगळ्याचा मोबदला मात्र सरकारने स्वतःच्या तिजोरीतून द्यायचाच नाही. वतन म्हणजे इनाम नसून गुलामीचं बेणं आहे, हे त्यांनी समाजालाही सांगितलं. १९३९ साली हरेगावच्या परिषदेत पुन्हा हाच आवाज उठला. ते विधेयक तेव्हा पार पडलं नाही. वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

आता दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा. 'वतन दिलंय, मग मजुरी कशाची?' आणि 'भत्ता देतो, मग मजुरी कशाची?' ब्रिटनचा बेकार जन्माने बांधलेला नव्हता, महार होता; हा फरक मोठा आहे आणि तो पुसायचा नाही. पण हिशेबाची रीत एकच. जगण्यापुरतं काहीतरी हातावर ठेवायचं, त्याला उपकार म्हणायचं आणि उपकाराच्या बदल्यात मजुरीचा हक्क काढून घ्यायचा. काम तर खरंच होतं. फळ्या खरंच लागतात, निरोप खरंच पोचतो. त्याचा फायदा कुणाला तरी मिळतो. फक्त करणाऱ्याला मिळत नाही.

म्हणूनच संविधानाच्या कलम २३ मध्ये वेठबिगारीला थेट बंदी आहे. १९८२ साली एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्ती फक्त काठीची नसते. पोटाच्या भीतीने माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल, तर तीही सक्तीच आहे. लगेच १९८३ साली राजस्थानचा खटला आला. दुष्काळी कामावरच्या मजुरांना, त्यात मोठ्या संख्येने दलित स्त्रिया होत्या, किमान वेतन मिळत नव्हतं. राज्य सरकारचं म्हणणं काय? ही मदत आहे, नोकरी नव्हे! न्यायालयाने ते फेटाळलं. लोकांच्या अगतिकतेचा फायदा सरकारला घेता येणार नाही, मदतकाम असलं तरी किमान वेतन द्यावंच लागेल, असा निकाल दिला. ब्रिटनच्या न्यायालयाने जे मानलं नाही, ते आपल्या न्यायालयाने तीस वर्षं आधी मानलं होतं. याचा आपल्याला अभिमान हवा, आणि आठवणही हवी.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. कामाची सवय लागते, अनुभव मिळतो, हे मी नाकारत नाही. कर भरणाऱ्याला वाटतं की भत्ता घेणाऱ्यानेही काहीतरी करावं, तेही समजू शकतं. मग काम द्या आणि त्याचे पैसे द्या. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला, त्यात त्रुटी होत्या, भ्रष्टाचारही झाला. पण त्याचा पाया बरोबर होता : मागेल त्याला काम, कामाला मजुरी. सिगालाला उपदेश करताना बुद्धांनीही मालकाचं कर्तव्य सांगितलं, ते कुवतीप्रमाणे काम आणि त्याबरोबर अन्न व वेतन. काम आणि वेतन त्यांनी वेगळं केलं नाही.

२०२४ साली आपल्या राज्यात युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. हे फुकट काम नाही, आणि कुणावर सक्तीही नाही. म्हणून तिला ब्रिटनच्या योजनेच्या रांगेत बसवणं चूक ठरेल. पण अशी कुठलीही योजना आली की तीन प्रश्न विचारायला शिका. इथे मला कोण, काय शिकवतं आहे? मी नसतो तर हे काम पगारी माणसाला द्यावं लागलं असतं का? आणि मुदत संपल्यावर ती जागा भरली जाणार आहे, की माझ्या जागी पुढचा प्रशिक्षणार्थी येणार आहे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर ते प्रशिक्षण नव्हे, स्वस्तातली भरती आहे. आणि रिकामी जागा भरलीच नाही, की त्या जागेवरचं आपलं आरक्षणही कागदावरच राहतं.

तर बाळा, घरी बसण्यापेक्षा काम बरं, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण तू ज्या टेबलावर सहा महिने बसलास, ते काम होतंच. फक्त त्याचा पगार कुणीतरी वाचवला. तुझ्या पणजोबांनी तो हिशेब विचारायला सुरुवात केली होती. तू तो सोडून देऊ नकोस.

जय भीम.