रोख्यामागची हकिकत

कर्ज माफ करा, ही विनंती वरवर पाहता पैशाविषयीची असते. तिच्या पोटात मात्र आणखी एक मागणी दडलेली असते : आमची हकिकत ऐकून घ्या. दुष्काळ, आजारपण, कोसळलेला भाव, घरातला कर्ता पुरुष जाणे, यांतले काहीच कर्जरोख्यावर लिहिलेले नसते. तेथे रक्कम असते, व्याजाचा दर असतो, मुदत असते आणि खाली सही किंवा अंगठा असतो. म्हणूनच सूट मागणारा ऋणको आपल्या धनकोला कागदाबाहेरचा मजकूर वाचण्याची गळ घालीत असतो. साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेला संहिता आणि संदर्भ यांचा वाद दख्खनच्या शेतकऱ्याने एकोणिसाव्या शतकात सावकाराच्या ओसरीवर आणि दिवाणी न्यायालयात प्रत्यक्ष अनुभवला. त्या अनुभवाचा हा धावता परामर्श.

इंग्रजी अमलापूर्वीचा सावकार दयाळू होता, असे मानण्याचे कारण नाही. परंतु वसुलीसाठी त्याच्यापाशी आजच्यासारखी शासनयंत्रणा नव्हती. त्याला गावाच्या आणि पंचांच्या कलाने घ्यावे लागे. कोणतेही तारण न घेता, केवळ वहीत नाव मांडून दिलेले कर्ज हे मूलतः नात्यावर उभे असे. व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करू नये, हा दामदुपटीचा दंडक धर्मशास्त्राने घालून दिला होता. देणे फिटले, अथवा तडजोडीने सोडले गेले, की धनको फारखती लिहून देई. पुढे हा शब्द 'फारकत' होऊन नवराबायकोच्या ताटातुटीसाठी रूढ झाला, हे अर्थांतर बोलके आहे. कर्ज हेही एक नातेच होते आणि ते रीतसर सोडवावे लागे.

या संदर्भात देहूच्या तुकारामांची परंपरेने सांगितलेली कथा पुन्हा वाचण्याजोगी आहे. सतराव्या शतकातील भीषण दुष्काळानंतर, घरच्या सावकारीतल्या आपल्या वाट्याच्या खतपत्रांना त्यांनी इंद्रायणीचा डोह दाखविला, अशी ती कथा. तिचे वाचन बहुधा वैराग्याचा दृष्टान्त म्हणून होते. आमच्या मते तिच्यात एक व्यावहारिक अर्थही आहे. नुसते 'देऊ नका' म्हणून भागत नाही; जोवर कागद शिल्लक आहे तोवर माफी अपुरी आहे, कारण आजच्या धनकोने सोडलेले देणे उद्या त्याचा वारस मागू शकतो. कथेतले भावाचे खतपत्र वेगळे काढून देण्याचे तपशील हीच जाणीव दाखवितात. मात्र येथे कागद बुडविणारा हात धनकोचा होता.

इंग्रजी कायद्याने कागदाचे वजन पालटले. व्याजाच्या दरावरील मर्यादा घालणारे कायदे १८५५ मध्ये रद्द झाले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू असा की, व्याज वर्षानुवर्षे साचू नये. घडले ते उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि साचलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून नोंदवी. जुना रोखा नाहीसा होई आणि त्याबरोबर कर्जाचा इतिहासही पुसला जाई. न्यायाधीशासमोर येई तो केवळ अखेरचा कागद. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे उदाहरण पुढे सरकारी चौकशीत नोंदले गेले.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचा भाव चढला आणि सावकाराचा हात सैल झाला. युद्ध संपताच भाव उतरला, पतपुरवठा आटला आणि १८६७ पासूनच्या फेरआकारणीने शेतसारा भरमसाट वाढला. आता शेतकरी मुदत मागू लागला, सूट मागू लागला. पण ज्याच्या हाती न्यायालयाचा हुकूमनामा आहे त्याला ऐकून घेण्याची गरज उरली नव्हती. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारपेठेत जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे हिसकावून जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पोहोचले. ९५१ जणांना अटक झाली.

या उठावाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवण्यात आला. त्यातील एक निरीक्षण आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटते : जेथे सावकाराने कागदपत्र मुकाट्याने हवाली केले, तेथे जमाव बहुधा पुढे काही न करता परतला. लूट हा हेतू नव्हता, हेतू कागद हा होता. ज्या कागदाने आपली हकिकत गिळली त्याचाच निकाल लावण्याची ती धडपड होती. तुकारामांच्या कथेत धनकोने जे स्वेच्छेने केले, ते आता ऋणकोंनी बळाने केले.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ही गोष्ट काही अंशी मान्य केली. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी झालेल्या या कायद्याने न्यायालयाला आज्ञा केली की, समोरच्या रोख्यावर न थांबता व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा. मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत. व्याजाचे केलेले मुद्दल मानू नये. देण्यापायी शेतकऱ्याला कैद करणे बंद झाले. दावा लावण्यापूर्वी धनकोने सलोखा घडविणाऱ्या मध्यस्थाकडे जावे, असेही ठरले. कायद्याने न्यायाधीशाला रोख्यामागचे वाचावयास लावले, असे म्हणता येईल.

याच कायद्यातील आणखी एक तरतूद तारणी आणि बिनतारणी कर्जांतील भेद स्पष्ट करते. जी जमीन त्या कर्जासाठी खास गहाण दिलेली नाही, ती त्या कर्जाच्या हुकूमनाम्यात जप्त करता अथवा विकता येणार नाही, असे बाविसाव्या कलमाने ठरविले. केवळ विश्वासावर घेतलेल्या कर्जापायी शेतकऱ्याची जमीन जाऊ नये, हा त्यातला न्याय. सावकाराने त्यातून वेगळाच धडा घेतला. त्याने विश्वासावर देणे आखडते घेतले आणि गहाणखत, नव्हे प्रत्यक्ष खरेदीखतच, लिहून मागण्यास सुरुवात केली. कर्ज फिटल्यावर जमीन परत करण्याचा करार तोंडी राही. अखेर कायद्यालाच दुरुस्ती करून, खरेदीखताच्या आड गहाण आहे काय, हे पाहण्याची मुभा न्यायालयाला द्यावी लागली. कागदाने पुन्हा हकिकतीवर मात करण्याचा यत्न केला होता.

जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ विद्येच्या अभावात शोधले. वरील इतिहासाच्या उजेडात त्या प्रतिपादनाला धार येते. ज्याला स्वतःचा रोखा वाचता येत नाही, त्याच्या देण्याची संहिता दुसराच कोणी लिहितो.

पुढील काळात धनको बदलला. १९७५ च्या महाराष्ट्र ऋणमुक्ती कायद्याने अल्पभूधारक, शेतमजूर, ग्रामीण कारागीर आदींची सावकारी देणी रद्द केली आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. बँकांची आणि सरकारची देणी मात्र त्यातून वगळली होती. २०१७ च्या राज्य योजनेच्या नावात 'सन्मान' हा शब्द आला, तर २०१९ च्या योजनेला फुल्यांचेच नाव देऊन 'कर्जमुक्ती' म्हटले गेले. लोकांच्या तोंडी तरीही 'कर्जमाफी'च राहिली. माफी म्हटले की अपराध गृहीत धरला जातो, आणि १८७५ च्या शेतकऱ्याने नेमके हेच अमान्य केले होते. आपण देणे लागत नाही, असे तो म्हणत नव्हता. हे देणे एवढे कसे झाले ते पाहा, असे त्याचे म्हणणे होते.

शेतकरी असो वा शहरातला पगारदार, उत्पन्न थांबल्यावर बिनतारणी कर्जात सूट मागणारा माणूस आजही तेच म्हणत असतो. प्रत्येक देणे सोडून द्यावे, असा याचा अर्थ नव्हे. तसे झाले तर विश्वासावर कोणी कोणास काही देणारच नाही, हे बाविसाव्या कलमाच्या कहाणीने दाखविलेच आहे. परंतु जे कर्ज विश्वासावर दिले, त्याची वसुलीही केवळ कागदावर होऊ नये. हकिकत ऐकून मग नकार देणे आणि ती न ऐकताच हुकूमनामा आणणे यांत अंतर आहे. सुप्याच्या बाजारात जे पेटले ते त्या अंतरातूनच पेटले.