उताराला लगाम

स्वित्झर्लंडमधल्या लुझर्नजवळ पिलाटस नावाचा डोंगर आहे. त्याच्या मधल्या टप्प्यावर, फ्रेकम्युन्टेगला, 1350 मीटर लांबीची एक उन्हाळी घसरगाडी आहे. खाली पोलादी पन्हळ, तिच्यात एका माणसापुरतं आसन, आणि दोन मांड्यांच्या मध्ये एक दांडा. दांडा पुढे ढकलला की गाडी सुटते, मागे ओढला की आवरते. इंजिन नाही, बॅटरी नाही. युरोपच्या सहलीला गेलेली मराठी मंडळी हल्ली अशा गाड्यांतून किंचाळत खाली येतात. त्यांत कुणी अकोल्या-संगमनेरकडचा असेल तर खाली उतरल्यावर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपल्याकडे तर कळसूबाई आहे, 1646 मीटरची, महाराष्ट्रातली सगळ्यात उंच. मग असलं काही बारी गावाच्या वर का नाही?

प्रश्न रास्त आहे. फक्त तो डोंगराच्या उंचीकडे बघून विचारलेला आहे, आणि या खेळाची कुळकथा उंचीची नाहीच. ती त्या दांड्याची आहे. उतार निसर्गाने आयता दिलेला असतो. माणसाला शोधावं लागलं ते थांबणं.

सुरुवात रशियात झाली. अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास हिवाळ्यात लाकडाचे उंच मनोरे बांधत, त्यांच्या उतरणीवर पाणी ओतत आणि ते गोठलं की त्यावरून घसरत. राणी कॅथरीनला हा खेळ एवढा आवडला, की ओरानिएनबाउमच्या राजवाड्यात तिने त्यासाठी वेगळी वास्तू उठवली आणि उन्हाळ्यातही घसरता यावं म्हणून चाकांच्या गाड्या केल्या. बर्फाशिवाय घसरण्याची हौस ही अशी राजघराण्यातली आहे. पुढे ती पॅरिसला पोचली. 1817 मध्ये तिथे बेलव्हिलच्या ‘रशियन डोंगरां’वर गाडीची चाकं रुळाला अशी अडकवली, की ती उसळून बाहेर पडू नयेत. आजच्या अल्पाइन कोस्टरची, म्हणजे पन्हळीऐवजी नळीच्या रुळांवरून धावणाऱ्या घसरगाडीची, गाडी त्या रुळांना वरून-खालून धरून ठेवते, ती हीच युक्ती. गाडी रुळावर राहिली. आवरायची कशी, हे मात्र करमणुकीच्या बागेत सुटण्यासारखं कोडं नव्हतं. ते कोळशाच्या खाणीने सोडवलं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाचं गाव होतं. वर डोंगरावर कोळसा, खाली लेहाय नदी, मध्ये नऊ मैलांचा उतार. 1827 मध्ये तिथे रूळ टाकले आणि भरलेल्या वाघिणी निव्वळ स्वतःच्या वजनाने खाली सोडायला सुरुवात केली. ताफ्यावर एक माणूस असे, त्याच्या हातात ब्रेकचा दांडा. रिकाम्या वाघिणी खेचरं वर ओढून नेत, आणि खेचरांना खाली आणायचं म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र डबे जोडलेले असत. खेचरं त्यात उभी राहून, गवत खात, डोंगर उतरत. त्यांना ही सवय अशी जडली, की पुढे पायी उतरायला ती तयार होईनात. पाथर्डीजवळ कानिफनाथांच्या मढीला यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. तिथल्या एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याला ही गोष्ट सांगितली तर त्याला आश्चर्य वाटणार नाही. जनावर आपल्यापेक्षा शहाणं असतं, एवढंच तो म्हणेल.

खेचरांपाठोपाठ माणसंही तिकीट काढून बसू लागली. कोळशाला दुसरी वाट मिळाल्यावर ही रेल्वे केवळ सहलीसाठी 1933 पर्यंत चालली. तिच्यावरूनच स्फूर्ती घेऊन लामार्कस थॉम्पसनने 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंट तिकिटाची लाकडी उतरंड उभी केली. जगातल्या बहुतेक रोलर कोस्टरांचा वंश तिथून वाढला.

मॉक चंकच्या खेचरांनंतर तीन-चार दशकांनी हेच कोडं आपल्या सह्याद्रीत येऊन बसलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेला मुंबईहून देशावर यायचं होतं. बोरघाट 1863 मध्ये खुला झाला, थळघाट 1865 मध्ये. दोन्हीकडे चढ 37 ला 1, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. इगतपुरीला उभं राहून दक्षिणेला पाहिलं तर कळसूबाईची रांग दिसते, म्हणजे थळघाटाची ही कहाणी आपल्या अकोले तालुक्याच्या शिवेवरच घडली. चढताना मागून बँकर इंजिनं रेटा देतात, ते सगळ्यांना ठाऊक असतं. खरी हुशारी उतरणीला आहे. घाटात जागोजाग कॅच सायडिंग ठेवलेली आहेत: मुख्य मार्गातून फुटणारा आणि मुद्दाम चढावर नेणारा एक फाटा. सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, मगच तिला खालची वाट मोकळी होते. न थांबलेली गाडी फाट्यावर चढते आणि चढच तिचा वेग खातो. ज्या उताराने वेग दिला, त्याच्याच भावाकडून तो परत घ्यायचा, यापेक्षा साधा आणि भरवशाचा ब्रेक माझ्या पाहण्यात नाही.

माथेरानला गोष्ट आणखी जवळची होती. 1907 मध्ये पीरभॉय घराण्याने नेरळहून वर नेलेली दोन फुटी गाडी 20 ला 1 इतका चढ चढते. तिच्या डब्याडब्यावर ब्रेकवाले बसत. इंजिनाची शिट्टी ऐकायची आणि त्या खुणेप्रमाणे आपापल्या डब्याचा हातब्रेक आवळायचा किंवा सैल करायचा, हे त्यांचं काम. ड्रायव्हर एक, आणि उतरवणारे हात अनेक. 2016 मध्ये दोनदा डबे घसरले, गाडी बंद पडली आणि नंतर एअर ब्रेक घेऊन परत आली. तोवर शंभराहून जास्त वर्षं या गाडीने माथेरानला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हाताने आवरलेल्या उतरणीची सफर केलेली आहे. ‘टॉय ट्रेन’ म्हणून आपण तिचं कौतुक करतो, पण त्या हातब्रेकवाल्यांचे फोटो सहलीच्या अल्बमात क्वचितच सापडतील.

मॉक चंकची गाडी खेळ झाली आणि आपली घाटरेल्वे झाली नाही, याचं कारण मला सरळ दिसतं. तिथला कोळसा संपला नाही तरी दुसरीकडे वळला. आपल्या घाटातली वाहतूक कधी वळलीच नाही. ज्या उतारावर पोट अवलंबून असतं, त्याच्यावर गंमत कोण करणार?

आता आल्प्सकडे. टोबोगन ही उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची सामान ओढायची सपाट, पुढून वळवलेली फळी. युरोपातल्या हौशी लोकांनी स्लेजचे अनेक प्रकार त्याच नावाखाली घातले. सेंट मॉरिट्झला हिवाळ्यात उतरलेले इंग्रज पाहुणे गावच्या रस्त्यांवरून स्लेज सोडत आणि पादचाऱ्यांवर आदळत. गावकऱ्यांचा जीव वाचावा म्हणून वेगळी वाट हवी झाली आणि 1884-85 च्या हिवाळ्यात क्रेस्टा रन तयार झाली. तिथे पालथं पडून, डोकं पुढे करून उतरतात. ब्रेक म्हणजे बुटाच्या टोकाला लावलेले दाते. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर तर बर्फही लागत नाही. एकोणिसाव्या शतकापासून मोंते गावाहून फुंशालकडे वेताची टोपली लाकडी धावांवर ठेवून रस्त्यावरून सोडतात. मागे पांढऱ्या कपड्यांतले दोघे जण उभे असतात आणि ते बुटांचे रबरी तळवे रस्त्याला घासून ती आवरतात. मदेरातली ही पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. आपलं नशीब कुणाच्या बुटात आहे, हे प्रवाशाला निदान मागे वळून पाहता येतं.

हातात दांडा आला तो 1970 च्या दशकात. हिवाळा संपला की स्कीच्या उतारांवर गवत उगवतं आणि लिफ्ट रिकामी लोंबकळत राहते, ही मालकांची नेहमीची दुखणी. जर्मनीतल्या हेसे प्रांतात योझेफ वीगांट यांच्या कंपनीने वासरकुप्पेसारख्या डोंगरावर पोलादी पन्हळ टाकून तिच्यात चाकांची गाडी सोडली. उन्हाळी घसरगाडीच्या व्यवसायाला तिथून जोर आला. अमेरिकेत व्हरमाँटच्या ब्रॉमली डोंगरावर 1976 मध्ये अशी पहिली वाट सुरू झाली. न्यूजर्सीच्या अ‍ॅक्शन पार्कमध्येही एक होती आणि तिची कहाणी वाईट आहे. काँक्रीट, फायबरग्लास आणि अ‍ॅस्बेस्टॉसची पन्हळ, वर उघडी, आणि धड न चालणारे ब्रेक. 1980 मध्ये तिथल्याच एका तरुण कामगाराची गाडी पन्हळीबाहेर गेली आणि त्याचा जीव गेला. पन्हळीत गाडी नुसती ठेवलेली असते, अडकवलेली नसते, हा त्या जातीचा मूळ दोष.

1990 च्या दशकातल्या अल्पाइन कोस्टरने तो दोष काढला. खांबांवर दोन स्टेनलेस नळ्या, गाडी त्यांना घट्ट धरलेली, माणूस पट्ट्याने बांधलेला, आणि वर ओढून न्यायला दोर. दांडे बसणाऱ्याच्या दोन्ही हातांशी. पण त्याच्या नकळत खाली आणखी एक ब्रेक असतो. चाकं जोरात फिरू लागली की केंद्रापसारक जोराने तो आपोआप आवळतो आणि वेग साधारण ताशी 40 किलोमीटरच्या वर जाऊ देत नाही. म्हणजे दांडा तुमचा, पण शेवटचा शब्द यंत्राचा. ऑस्ट्रियातल्या इम्स्टला अशी साडेतीन किलोमीटर लांबीची वाट आहे, अंडोरात तर 5.3 किलोमीटरची.

आता कळसूबाई. तिथल्या उतरणीचं तंत्र ट्रेकिंगवाल्यांना पाठ आहे: घसाऱ्यावर टाच रोवायची, उभं राहता येत नसेल तर बूड टेकायचं, आणि कड्याला लागलं की लोखंडी शिडी धरायची. त्यातच उत्तर आहे. आल्प्समध्ये कोस्टर जातात ती गवताळ कुरणं, एकसारखी कललेली, बरीचशी स्कीसाठी आधीच मोकळी केलेली. सह्याद्री तसा कललेला नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आणि झिजताना त्यांच्या पायऱ्या झाल्या: कडा, माची, पुन्हा कडा, पुन्हा माची. खांब टाकून माची ओलांडता येईल. कड्यावरून गाडी उतरवायची तर ते घसरणं राहत नाही.

दुसरं, पाऊस. नळी आणि ब्रेक ओले झाले की गाडी नीट आवरत नाही, म्हणून जोराच्या सरींत कोस्टर बंद ठेवतात. इकडे भंडारदरा, घाटघर, रतनवाडीला माणसांची झुंबड उडते ती नेमकी पावसाळ्यात, धबधब्यांसाठी. गाडी बंद ठेवायचे दिवस आणि गिऱ्हाइकाचे दिवस एकच. शिवाय हा टापू 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, आणि तो तसाच राहावा असं माझं स्पष्ट मत आहे. काजव्यांच्या हंगामात गाड्यांचे दिवे आवरताना जिथे नाकी नऊ येतात, तिथे रूळ आणि खांब कशाला?

नगर जिल्ह्यात घसरगाडी आली ती डोंगराकडे पाठ करून, शिर्डीला. तिथलं वेट अँड जॉय वॉटर पार्क संगमनेरच्या मालपाणी उद्योगाने उभं केलं. संगमनेर म्हटलं की आमच्या पिढीला त्यांचा गाय छाप जर्दा आठवतो, नळीतून घसरणारी पोरं नव्हे. पाण्याच्या घसरगुंडीचं कूळही टोबोगनचंच आहे. 1923 मध्ये अमेरिकेत हर्बर्ट सेलनर यांनी लाकडी उतारावरून स्लेज थेट तळ्यात सोडणारी ‘वॉटर टोबोगन’ बनवली होती. तिला ब्रेक लागत नाही, कारण पाणीच ब्रेक असतं. शिर्डीच्या सपाट, उन्हाळलेल्या जमिनीवर मनोरा बांधून उतार विकत घेता येतो आणि थांबणं तर फुकटच मिळतं.

याच मालपाणींनी 2022 मध्ये खोपोलीचं इमॅजिका ताब्यात घेतलं. तिथली ‘नायट्रो’ स्वित्झर्लंडच्या बोलिगर-मॅबिलार्ड कंपनीची, सुमारे 40 मीटर उंच, ताशी शंभरच्या पुढे धावणारी. म्हणजे बोरघाटाच्या पायथ्याशी, जिथे दीडशे वर्षांपूर्वी गाड्यांना आधी थांबून दाखवायची सक्ती झाली, तिथे आज संगमनेरकर मालकाच्या गाडीत माणसं पैसे देऊन उलटी होतात. बसणाऱ्याच्या हातात धरायला फक्त खांद्यावरचा आडोसा असतो, ब्रेक संगणकाकडे.

दांडा हातात असलेली गाडी जिल्ह्यात आणायचीच तर माझं बोट पूर्वेकडे जाईल: करंजी घाट, इमामपूर घाट, गर्भगिरीची ती बुटकी, कोरडी टेकाडं. कडे कमी, पाऊस बेताचा, उतार पुष्कळ. देवस्थानांमुळे माणसांची येजा आहे. अडचण वेगळीच येईल. अल्पाइन कोस्टरवरचा नेहमीचा अपघात म्हणजे मागून धडक: पुढचा मध्येच दांडा ओढून फोटो काढत बसतो आणि मागचा सुसाट येतो. त्यासाठी तिकडे दोन गाड्यांत 25 मीटर अंतर ठेवा अशा पाट्या लावतात. नगर-मनमाड रस्त्यावर कधी गाडी चालवलेल्या माणसाला ती पाटी वाचून दाखवावी आणि तो काय म्हणतो ते ऐकावं.