‘नाव अवैध आहे’ : एका शेऱ्याची पूर्वपीठिका

वेबवरील अर्जात आपले नाव देवनागरीत लिहावे आणि खाली लाल अक्षरांत ‘नाव अवैध आहे’ असा शेरा उमटावा, हा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. त्यामागे दर वेळी कोणाचा आकस असतोच असे नाही. बहुधा असतो तो एका ओळीचा नियम, जुन्या सवयीने उतरवून घेतलेला.

ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना रचला. तेव्हा मोडेम मंद होते. एक रकाना रिकामा राहिला, एवढे कळण्यासाठीही अख्खा अर्ज दूरच्या सर्व्हरकडे जाऊन परत येई. ती तपासणी ब्राउझरमध्येच उरकणे हा या भाषेचा आरंभीचा मोठा उपयोग ठरला. डिसेंबर १९९९ मध्ये तिच्या प्रमाणाची, म्हणजे एक्मास्क्रिप्टची, तिसरी आवृत्ती निघाली. तीत रेग्युलर एक्स्प्रेशनला, म्हणजे मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्राला, अधिकृत स्थान मिळाले. पिनकोडात सहा अंक, नावात केवळ अक्षरे, असे नियम एका ओळीत मावू लागले.

पण अक्षर कशाला म्हणायचे? नियम लिहिणारे सर्रास ‘ए ते झेड’ लिहीत, किंवा ‘डब्ल्यू’ ही आखूड खूण वापरीत. तिच्या कक्षेत रोमन अक्षरे, दहा अंक आणि अधोरेखा एवढेच येते. वास्तविक युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि जावास्क्रिप्टच्या त्याच तिसऱ्या आवृत्तीने चलांची नावेही देवनागरीत ठेवण्याची मुभा दिली होती. म्हणजे प्रोग्रामातल्या चलाचे नाव ‘गोऱ्हे’ चालत होते, अर्ज भरणाऱ्याचे मात्र नाही!

२०१८ च्या आवृत्तीने ‘कोणत्याही लिपीतील अक्षर’ असे सूत्रात सांगण्याची सोय केली. तरीही ‘गोऱ्हे’ अडतेच. युनिकोडच्या लेखी त्यात ग, ऱ, ह ही तीनच अक्षरे. ओकार, हलन्त आणि एकार ही ‘चिन्हे’, त्यांचा वर्ग निराळा. नियमात अक्षरांसोबत हा चिन्हांचा वर्गही नोंदवावा लागतो. शिवाय काही कळफलक ‘ऱ्ह’ साधताना र, हलन्त आणि ह यांच्यामध्ये एक अदृश्य जोडखूण घालतात. ती दोन्ही वर्गांत बसत नाही, म्हणून तिला वेगळी परवानगी द्यावी लागते. लांबी मोजतानाही हाच घोळ: आपल्या डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, जावास्क्रिप्ट सहा मोजते.

एखाद्या व्यवहारासाठी रोमन नावच हवे असेल, तर तसे स्पष्ट मागावे. त्यात गैर काही नाही. माणसाच्या नावाला अवैध म्हणणे ही निराळी गोष्ट आहे. एचटीएमएल ५ हे २०१४ साली प्रमाण ठरले, तेव्हापासून नियमासोबत स्वतःचा संदेश लिहिण्याची अधिकृत सोय आहे. तो मराठीतही लिहिता येतो. मात्र ब्राउझरमधली तपासणी कोणालाही टाळता येते, म्हणून तोच नियम सर्व्हरवरही लिहावा लागतो; आणि पुष्कळदा ‘ए ते झेड’ तेथे तसेच राहून जाते.