आजोबांची बंदूक खरंच तुफान सेनेची होती का?

आजचा एपिसोड तुमच्याच मेसेजमधून निघालाय. सातारा-सांगलीकडून मला अधूनमधून एक ठरावीक फोटो येतो. लाकडी दस्ता, जाड नळकांडं, नळीखाली लोखंडी दांडा, आणि खाली एक ओळ : "दादा, ही आमच्या पणजोबांची. तुफान सेनेत हिच्यावर ट्रेनिंग व्हायचं." कधी तुफान सेनेच्या जागी "मिलिटरी" असतं, एवढाच फरक.

आधी हे बघू की सैन्याला छऱ्याची बंदूक लागतेच कशाला? उत्तर साधं आहे : पैसा आणि जागा. थ्री-नॉट-थ्रीची गोळी मैलाच्याही पुढे जाते. तिच्यासाठी मोठी चांदमारी हवी, मागे मातीचा उंच बांध हवा, आणि प्रत्येक काडतुसाचा हिशोब ठेवावा लागतो. एअरगन बराकीच्या व्हरांड्यातही चालते. दस्ता खांद्याला घट्ट लावणं, माशी निशाणावर आणणं, श्वास रोखणं, चाप झटका न देता दाबणं, हे सगळं छऱ्यावर शिकता येतं. खांद्याला बसणारा धक्का आणि कानठळ्या बसवणारा आवाज तेवढा मिळत नाही.

म्हणून बऱ्याच देशांनी हा मार्ग धरला. चेकोस्लोव्हाकियाची व्हीझेड-३५ लांबून अगदी माउझर रायफल वाटते. तिचा बोल्टच ओढून स्प्रिंग ताणायची, आणि आत छर्रे नाहीत, शिशाच्या गोल गोळ्या. इजिप्तने १९५४ च्या सुमारास जर्मनीच्या आन्शुट्झ कंपनीकडून आपल्या हकीम रायफलच्या सरावासाठी एअरगन बनवून घेतल्या. त्यांच्यावर अरबी अक्षरं आहेत, त्यामुळे ओळखायला सोप्या. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तर अमेरिकेने सैनिकांच्या हातात चक्क डेझीची, पोरं खेळतात तसली बीबी गन दिली. तिच्यावर माशीच ठेवली नव्हती, कारण नेम न धरता पटकन मारायला शिकवायचं होतं.

आता आपल्या फोटोकडे येऊ. खालचा दांडा ओढून स्प्रिंग ताणायची पद्धत बघितली की माझं लक्ष आधी बर्मिंगहॅमकडे जातं. तिथल्या लिंकन जेफ्रीज या बंदूकवाल्याने १९०४ मध्ये अशा बंदुकीचं पेटंट घेतलं आणि बीएसए कंपनीने ती बनवायला घेतली. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. हो, आपल्याकडच्या बीएसए सायकलींचं नाव तिथूनच आलंय. कंपनीचा शिक्का म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. घोटाळा इथेच होतो. तीन रायफली दिसल्या की घरातले म्हणतात, "बघा, मिलिटरीची!" पण तो फक्त कारखान्याचा शिक्का आहे. त्याच कारखान्यात ली-एनफिल्डही बनायची आणि मोटरसायकलही. इंग्लंडमध्ये या एअरगन लोक पबमध्ये वापरायचे. लोखंडी पत्र्याला बारीक भोक, छर्रा त्यातून आरपार गेला की मागची घंटा वाजणार. म्हणजे हा चक्क संध्याकाळचा टाइमपास होता.

बीएसएने लांब ली-एनफिल्डसारखी दिसणारी मिलिटरी पॅटर्न एअरगनही काढली होती, खास सरावासाठी. पण ती फार थोडी बनली, आणि तिचं लाकूड नळीच्या टोकाजवळपर्यंत जातं. तुमच्या फोटोत लाकूड अर्ध्यात संपत असेल आणि पुढे नुसती नळी दिसत असेल, तर ती साधी, बाजारात विकली जाणारी बंदूक समजा.

सरकारी मालाची खूण वेगळी असते. ब्रिटिश सरकारी वस्तूवर बाणाचं टोक ठोकलेलं असायचं, आणि हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्याच्या खाली इंग्रजी आय. दस्त्यावर, धातूवर, कुठेच तो बाण नसेल तर बंदूक बहुधा कुणीतरी खाजगीत विकत घेतलेली. आपल्या भागात तसे घेणारे कमी नव्हते. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण, सगळी संस्थानं. शिवाय फौजेतून परतलेले लोक. साताऱ्याजवळचं अपशिंगे आठवा. एकट्या त्या गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले.

मग तुफान सेनेचं काय? इथे मी जरा हट्टाने बोलणार आहे. नाना पाटलांचं प्रतिसरकार तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात चाललं. वाळवा, तासगाव, शिराळा हे तालुके त्यात होते. सांगलीचा आजचा जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला. तुफान सेनेचं केंद्र कुंडल, आणि कुंडल होतं औंध संस्थानात, म्हणजे थेट ब्रिटिश पोलिसांच्या हद्दीबाहेर. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी अडवली, तेव्हा कॅप्टन भाऊ लाड आणि जी. डी. बापू लाड यांच्या माणसांकडे काठ्या, विळे-कोयते आणि गावठी बॉम्ब होते. पुढे बंदुका मिळवल्या आणि त्या चालवायला शिकवायला आझाद हिंद सेनेचे नानकसिंग आणि मानसिंग आले. फेब्रुवारी १९४६ मध्ये शिराळा तालुक्यात मणदूरकडच्या डोंगरात पोलिसांशी चकमक झाली. त्यात किसन अहिर आणि नानकसिंग पडले.

पंजाबातला एक शिपाई वारणेच्या खोऱ्यातल्या पोरांना बंदूक शिकवायला येतो आणि इथेच मरतो. त्याच्या नावाने काचेच्या पेटीत काही ठेवायचं असेल, तर ती वस्तू त्याच लढ्यातली आहे याचा पुरावा मला हवा. घंटा वाजवायच्या खेळातली बंदूक "तुफान सेनेचं शस्त्र" अशी पाटी लावून शाळेच्या प्रदर्शनात ठेवली, तर ज्यांनी विळ्या-कोयत्यांवर गाडी अडवली त्यांची गोष्ट उलट लहान होते. घरातली आठवण खोटी असते असं मी म्हणत नाही. पणजोबा तुफान सेनेत असतील आणि बंदूक दुसऱ्याच वाटेने घरात आली असेल. या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. पहिलीचा पुरावा कागदात मिळतो : स्वातंत्र्यसैनिक पेन्शनची फाइल, खटल्याचे कागद, तुरुंगाचा दाखला. दुसरीचा लोखंडावर.

तेव्हा फोटो पाठवताना एवढं करा. नळी माणसांकडे धरू नका. आत छर्रा अडकलेला असू शकतो. दांडा ओढून बघू नका. आतला चामड्याचा वॉशर वाळलेला असतो, आणि ताणलेला दांडा हातातून सुटला तर बोट गेलंच म्हणून समजा. गंजलं म्हणून पॉलिश पेपर तर अजिबात मारू नका, सगळ्यात आधी शिक्केच पुसले जातात. नळकांड्याचा वरचा भाग, दस्त्याच्या दोन्ही बाजू आणि चापाच्या वरची जागा, तिरप्या उजेडात जवळून. नळीचं तोंड पट्टीशेजारी ठेवून एक, म्हणजे पॉइंट १७७ आहे की पॉइंट २२ ते कळेल. पॉइंट १७७ पेक्षा मोठी नळी असेल तर लायसन्सचा प्रश्न येतो, म्हणून इन्स्टावर टाकायच्या आधी पोलिस ठाण्यात विचारा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारून रेकॉर्ड करा : ही घरात पहिल्यांदा कधी बघितली, आणि तेव्हा ती कुणाच्या हातात होती?