परिचर्या पदवीचे पहिले सत्र : परीक्षेची तयारी कशी करावी?

बारावी विज्ञान शाखेतून बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतलेल्या अनेक विद्यार्थ्यांची खरी कसोटी पहिल्या सत्रातच लागते. बारावीला जीवशास्त्रात उत्तम गुण मिळवणारे विद्यार्थीही शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या चाचणीत मागे पडतात आणि आपण चुकीचे क्षेत्र निवडले की काय, अशी शंका त्यांच्या मनात घर करते. बहुतेकदा दोष बुद्धीचा नसतो, अभ्यासाच्या पद्धतीचा असतो.

पनवेल व लगतचा कामोठे, नेरूळ हा पट्टा परिचर्या शिक्षणाचे मोठे केंद्र झाला आहे. उरण, पेण, खालापूर, कर्जत येथून रोज ये-जा करणारे, तसेच कोकण व मराठवाड्यातून येऊन वसतिगृहात राहणारे विद्यार्थी येथे शिकतात. त्यातील अनेक जण मराठी माध्यमाचे असतात, तर काही घरांत शैक्षणिक कर्ज काढून प्रवेश घेतलेला असतो. पहिल्या सत्रातील अपयशाचे ओझे त्यामुळे केवळ गुणपत्रिकेपुरते राहत नाही.

अभ्यासक्रम समजून घ्या

भारतीय परिचर्या परिषदेचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ मध्ये अधिसूचित झाला आणि वार्षिक परीक्षांच्या जागी आठ सत्रांची पद्धत आली. पहिल्या सत्रात संवादात्मक इंग्रजी, उपयोजित शरीररचनाशास्त्र, उपयोजित शरीरक्रियाशास्त्र, उपयोजित समाजशास्त्र, उपयोजित मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे (भाग १) हे विषय आहेत. इंग्रजीसाठी ४० तास, पुढील चार विषयांना प्रत्येकी ६० तास, तर मूलतत्त्वांना १२० तास तात्त्विक शिकवणी आहे. त्याखेरीज ८० तास कौशल्य प्रयोगशाळा व १६० तास रुग्णालयातील प्रत्यक्ष काम असते.

शरीररचना व शरीरक्रिया यांची विद्यापीठाची प्रश्नपत्रिका एकच असते. ७५ गुणांपैकी ३७ गुण पहिल्या विषयाला, ३८ दुसऱ्याला. समाजशास्त्र व मानसशास्त्र यांचीही विभागणी अशीच आहे. दोन्ही प्रश्नपत्रिकांना अंतर्गत मूल्यमापनाचे २५ गुण जोडले जातात. उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण लागतात. इंग्रजीत मात्र ४० टक्के पुरतात. मूलतत्त्वांच्या पहिल्या भागाचे अंतर्गत गुण दुसऱ्या सत्रात जमा होतात. म्हणून ‘आता परीक्षा नाही’ असे समजून या विषयाकडे दुर्लक्ष करू नये. परीक्षेस बसण्यासाठी प्रत्येक विषयात तात्त्विक व प्रात्यक्षिक अशी किमान ८० टक्के उपस्थितीही आवश्यक आहे.

कामोठे येथील एमजीएम आरोग्यविज्ञान संस्था हे अभिमत विद्यापीठ असून त्याच्या परीक्षा स्वतंत्र होतात. अन्य अनेक महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासक्रमाचा गाभा समान असला तरी सरावासाठी आपल्याच विद्यापीठाच्या मागील प्रश्नपत्रिका मिळवाव्यात.

रचना आणि क्रिया जोडून वाचा

शरीरात २०६ हाडे, मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या, पाठीच्या कण्यात ३३ मणके अशी माहिती सुटी पाठ केली, तर ती आठवडाभरही टिकत नाही. प्रश्नपत्रिका एकच असल्याने हृदयाची रचना वाचली त्याच दिवशी हृदयाचे कार्यही वाचावे. हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते आणि मिनिटाला सुमारे ७२ ठोके पडतात. म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरभर जाते. एवढा हिशेब समजला की जुलाबाने पाणी कमी झालेल्या रुग्णाची नाडी जलद का होते, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त घटते आणि शरीर ठोके वाढवून ती उणीव भरून काढू पाहते. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर कळले की दीर्घोत्तरी प्रश्नाचा निम्मा भाग आपोआप लिहिता येतो.

आकृत्या केवळ पाहू नयेत. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढावी, नावे द्यावीत आणि नंतर पुस्तकाशी ताडून लाल शाईने दुरुस्त करावीत. लाल शाई जिथे दिसेल, तेवढाच पुढील दिवसाचा अभ्यास.

परिभाषेची भीती

मराठी माध्यमातून आलेल्यांना विषयापेक्षा त्याची भाषा जड जाते. वैद्यकीय शब्द बहुतांशी ग्रीक व लॅटिन तुकड्यांचे बनलेले असतात आणि हे तुकडे पुन्हापुन्हा येतात. ‘हायपो’ म्हणजे कमी, ‘ग्लाय’ म्हणजे साखर, ‘एमिया’ म्हणजे रक्तातील स्थिती; यावरून हायपोग्लायसेमियाचा अर्थ लागतो. ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद, ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणे. रोज असे पाच तुकडे वहीत उतरवले, तर महिनाभरात दीडशे होतात. संकल्पना आधी मराठीत समजून घेण्यात कमीपणा नाही; मात्र उत्तर लिहिण्याचा सराव इंग्रजीतूनच करावा.

पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहा

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणावरील प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेले सुरुवातीला वेगाने विसरले जाते आणि नंतर विस्मरणाचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. रोडिगर व कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले, की काही दिवसांनी परीक्षा घेतली असता पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना अधिक आठवते. डनलॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात स्वचाचणी आणि अंतराअंतराने उजळणी या दोन पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या. ओळींखाली रेघा ओढणे व पुनर्वाचन यांचा लाभ कमी आढळला.

याचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. आज शिकवलेल्या भागावर आजच पाच प्रश्न तयार करावेत. त्यांची उत्तरे दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी न पाहता द्यावीत. ठाणे-पनवेल लोकलमधला जवळपास तासाभराचा प्रवास अशा प्रश्नपत्त्यांसाठी पुरेसा आहे. उभ्याने पुस्तक उघडणे कठीण असते, पत्ते खिशात मावतात.

समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि वॉर्ड

हे दोन विषय ‘सोपे’ समजून शेवटच्या आठवड्यावर ढकलले जातात आणि तेथेच गुण जातात. उत्तराचे तीन भाग करावेत : व्याख्या, वैशिष्ट्ये किंवा प्रकार, आणि परिचारिकेच्या कामातील उपयोग. कुटुंबसंस्थेवरील उत्तरात घरी रुग्णाची काळजी कोण घेते, उपचाराचा निर्णय कोण घेतो, हे आले पाहिजे. तिसरा भाग अनेक उत्तरपत्रिकांत नसतोच.

वॉर्डमधील तास हाही अभ्यासच होय. नाडी मोजताना मिनिटाला ६० ते १०० आणि श्वसन मोजताना १२ ते २० ही प्रौढांची सामान्य मर्यादा मनात म्हणावी. प्रथमोपचारातील छातीवरील दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास, हे आकडे पुतळ्यावर हाताने करून पाहिल्याशिवाय पक्के होत नाहीत.

मागे पडलेल्यांसाठी चार आठवडे

परीक्षेला महिना उरला असून अभ्यास राहिला असेल, तर सर्व काही वाचण्याचा हट्ट सोडावा. पहिल्या आठवड्यात मागील प्रश्नपत्रिकांवरून वारंवार विचारले जाणारे भाग निवडावेत आणि हृदय व रक्ताभिसरण, श्वसन, पचन, मूत्रसंस्था यांपासून प्रारंभ करावा. दुसऱ्या आठवड्यात मज्जासंस्था व अंतःस्रावी ग्रंथी घेऊन सोबत रोज तासभर मानसशास्त्र वाचावे. तिसरा आठवडा समाजशास्त्र आणि आकृत्यांचा. चौथ्या आठवड्यात नवे काही घेऊ नये; वेळ लावून किमान तीन पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवाव्यात व शिक्षकांकडून तपासून घ्याव्यात. रात्रभर जागरण टाळावे, कारण वाचलेले पक्के होण्यासाठी झोप लागते.

तीन-चार जणांचा गट करून प्रत्येकाने एक भाग दुसऱ्यांना समजावून सांगावा. जे समजावून सांगता येत नाही, ते अद्याप आलेले नाही, असे मानावे.

अपयश आलेच तर

एखाद्या विषयात अनुत्तीर्ण होणे म्हणजे शिक्षण संपणे नव्हे. तो विषय पुन्हा देता येतो. गुण कुठे गेले, हे विषयशिक्षकांना आठवड्याच्या आत विचारावे. भूक, झोप, रडू येणे किंवा घरी बोलणे टाळणे असे बदल दिसत असतील, तर वर्गशिक्षक, महाविद्यालयातील समुपदेशक किंवा ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकाची मदत घ्यावी. घरच्यांनीही कर्जाचा उल्लेख करण्याआधी अडचण कोणती, हे ऐकून घ्यावे. उद्या रुग्णाला धीर देण्याचे काम ज्यांना करायचे आहे, त्यांना आज धीराची गरज भासली, तर त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.