भिलाईची गिट्टी आणि पॅरिसची नळी

एकाच पाण्यावर घरी मासे आणि भाजी वाढवण्याच्या छंदाला ॲक्वापोनिक्स म्हणतात. त्याचा इतिहास सांगायला बसलं की गाडी हमखास मेक्सिकोला जाते. ॲझ्टेक लोकांनी तळ्यात गाळाचे पट्टे रचून शेती केली, त्या चिनाम्पा. तेच म्हणे पहिलं ॲक्वापोनिक्स. मला हे पटत नाही. तळ्यातल्या शेतीलाच हे नाव द्यायचं असेल, तर भिलाईहून मेक्सिकोला जायचं कारण काय?

छत्तीसगड हा तलावांचा मुलूख. जुन्या गावांचं मोठेपण सांगताना इथं ‘छै आगर छै कोरी’ तलाव असं म्हणतात. म्हणजे सहा कोऱ्या आणि वर सहा, एकूण 126. कोरी म्हणजे वीस. आपली वीस नगांची कोडी तीच. या तलावांत केंवट आणि ढीमर मासे धरतात, जसे शेजारच्या भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत आपले ढीवर. त्याच पाण्यात शिंगाडा आणि कमळाचे देठ होतात. काठाला करमत्ता भाजी पसरते. आपण तिला नाळीची भाजी म्हणतो. माशांची घाण झाडांना लागते, झाडं पाणी निवळतात. व्यवहार तोच.

पण तलाव आणि गच्चीवरची 500 लिटरची टाकी यांत एक मोठा फरक आहे, तो गाळाचा. तलावाच्या गाळात शेकडो वर्षं मुरलेले जिवाणू असतात. नव्या टाकीत त्यांतलं काहीच नसतं. म्हणून या छंदाचा खरा इतिहास मी पॅरिसमध्ये, 1877 साली सुरू करतो.

तेव्हा तिथं प्रश्न होता शहराच्या सांडपाण्याचा. जमिनीत मुरलं की सांडपाण्यातला अमोनिया जातो आणि नायट्रेट तयार होतं, हे माहीत होतं. ही निव्वळ रासायनिक क्रिया असणार, असं बऱ्याच जणांना वाटे. श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी हळूहळू सोडत राहिले. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही; अमोनिया जसा घातला तसा खाली आला. मग नायट्रेट दिसू लागलं. नुसतं रसायन असतं तर ते वीस दिवस कशाला थांबलं असतं? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर क्रिया बंद पडली. क्लोरोफॉर्म काढून टाकून मातीचं थोडं पाणी घातलं, काही दिवस जाऊ दिले, तर पुन्हा सुरू. म्हणजे काम करणारं कुणीतरी जिवंत होतं.

ते कोण, हे 1890 च्या सुमारास कीव्हमध्ये जन्मलेल्या सर्गेई विनोग्राडस्की यांनी दाखवलं. जिवाणूंचे दोन गट. पहिला अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशांना विषारी. तिसरा त्यामानानं निरुपद्रवी, आणि झाडांना हवाच असतो. भिलाईत रशियन म्हटलं की 2 फेब्रुवारी 1955 चा पोलाद कारखान्याचा करार आणि 1959 ची पहिली झोतभट्टी आठवते. पण छंद करणाऱ्यांच्या कामाचा माणूस त्याच्या कितीतरी आधी होऊन गेला.

पुढचं थोडक्यात. 1980 च्या दशकात उत्तर कॅरोलिनात मॅकमर्ट्री यांनी माशांचं पाणी वाळूच्या वाफ्यातून फिरवून परत टाकीत आणलं. व्हर्जिन बेटांवर, जिथं गोड्या पाण्याची टंचाई, रॅकोसी यांनी तरंगत्या वाफ्यांची पद्धत बसवली. मग मिसूरीतल्या स्पेरानिओ दांपत्यानं वाळूऐवजी खडी वापरली आणि हा उद्योग परसात आला.

खडी म्हणजे इकडच्या भाषेत गिट्टी, आणि भिलाईकरांनी कान द्यावा तो इथं. या भागातला दगड पुष्कळ ठिकाणी चुनखडीचा आहे. कारखान्याची नंदिनीची खाणही चुनखडीचीच. पॅरिसच्या नळीत चुनखडी मुद्दाम घातली होती, कारण ही क्रिया आम्ल तयार करते आणि चुनखडी ते मारते. वाफ्यात मात्र सगळी गिट्टीच चुनखडीची असली की पाणी अल्कधर्मी होऊन बसतं, मग लोह पाण्यात असूनही झाडांना घेता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. लोक खतं बदलत बसतात. त्यापेक्षा विकत घेण्याआधी चार खड्यांवर व्हिनेगर टाका. फेस आला तर ती गिट्टी नको.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन म्हणजे त्या प्रयोगातल्या क्लोरोफॉर्मचा भाऊच. पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवून मगच टाकीत घ्यावं. आणि ते वीस दिवस! दुकानातून टाकी, पंप आणि मासे एकाच दिवशी आणले की पहिल्या काही आठवड्यांत मासे मरतात, आणि दोष माशांवर किंवा दुकानदारावर जातो. गिट्टीतून पाणी फिरवत चिमूट-चिमूट खाद्य टाकत राहा. कुणाच्या चालू टाकीतली ओंजळभर गिट्टी मिळाली तर काम लवकर होतं. अमोनिया आणि नायट्राइट मोजायची किट मत्स्यपालनाच्या दुकानांत मिळते. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसलं, की मासे आणा. घाई असेल तर महिनाभर नुसत्या कुंड्या लावाव्यात.

मासे कोणते? अमेरिकेतली पुस्तकं तिलापिया सांगतात. आपल्याकडे ती 1952 मध्ये आली आणि 1959 मध्ये तिच्यावर बंदी आली. आजही परवान्याशिवाय पाळू नये. पहिल्या वर्षी गोल्डफिश पुरे. एक चौरस मीटर पालेभाजीच्या वाफ्याला दिवसाला 40 ते 50 ग्रॅम खाद्याचा हिशेब धरतात. त्याहून जास्त टाकू नका. भाजी म्हणून नाळीची भाजी लावा, ती मे महिन्यातही तग धरते. त्या दिवसांत पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून टाकीवर हिरवी जाळी हवी आणि वीज गेली तर हवेचा पंप चालेल एवढी बॅटरी हवी. टाकी पूर्वेच्या भिंतीला ठेवली तर दुपारचं ऊन चुकतं.