सागाले पाय ओले चालत नाही

मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आपल्या बल्लारपुरातून सागवान निघालं, तेव्हा रस्त्यावर लोटलेल्या गर्दीत मीही होतो, गळ्यात कॅमेरा अडकवून. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच होतं, आपलं सागवान एक नंबर. का एक नंबर, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही. बातमी द्यायची घाई होती.

त्या प्रश्नाकडे मला परत आणलं ते आमच्या गावाबाहेरच्या चारेक एकराच्या पडीक तुकड्यानं. तिथं आजवर तीनदा वृक्षारोपण झालं. तिन्ही वेळा पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो मीच काढले. तिन्ही वेळा सागाच्या जड्या लावल्या. (जडी म्हणजे रोपाचं मूळ आणि वर बोटभर खोड.) आज तिथं सागाचं एकही झाड नाही. आता चौथ्यांदा खड्डे घ्यायचं चाललंय, आणि या खेपेला त्याआधी तिथला पळस साफ करणार म्हणतात.

जंगल खात्यात हयात घालवलेले एक वनमजूर काका आमच्या गल्लीत राहतात. त्यांना हे सांगितलं तर तंबाखू मळता मळता म्हणाले, "बाबू, सागाले पाय ओले चालत नाही."

एवढ्या वाक्यावर मी गेले दोन महिने पुस्तकं उलटतोय. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो. थोडं लांब आहे, पण वाचा.

साग पावसाचं झाड आहे आणि तेवढंच कोरड्या ऋतूचंही. त्याला १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस मिळाला तर तो खूश असतो, पण वर्षातले तीन ते पाच महिने सलग कोरडे लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, साग पानं टाकून खराट्यासारखा उभा राहतो, वाढ थांबते. पाऊस आला की वाढ परत सुरू. सुरुवातीला मोठ्या छिद्रांचं लाकूड, नंतर दाट. म्हणून सागात दरवर्षीचं वलय स्पष्ट दिसतं, जे उष्ण प्रदेशातल्या फार कमी झाडांत दिसतं. बर्लागे नावाच्या डच शास्त्रज्ञानं १९३१ मध्ये जावा बेटावरच्या सागाच्या वलयांवरून शेकडो वर्षांच्या पावसाचा माग काढायचा प्रयत्न केला होता. आपल्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या लोकांनी १९८० च्या दशकात ठाण्याकडचा साग तपासला, आणि पुढे केरळातल्या सागाची ५२३ वर्षांची वलयमाला लावली. ज्या वर्षी एल निनोनं पाऊस मारला, त्या वर्षीचं वलय बारीक. म्हणजे आपल्या आजोबांनी सांगितलेला दुष्काळ झाडानंही लिहून ठेवलेला असतो. डेपोत गेलात तर एखाद्या ओंडक्याशी उकिडवं बसून बघा.

पण पाऊस साऱ्या तालुक्याला जवळपास सारखाच असतो. मग एका गावचा साग ताडासारखा आणि शेजारच्या गावचा खुरटा, असं का? इथं माती येते.

आपल्या भागासारखी सरमिसळ फार कमी ठिकाणी असेल. पश्चिमेला काळा दख्खनचा पाषाण आणि त्यावरची काळी माती, म्हणून कपाशी. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाचे थर. कोरपन्याकडे चुनखडी, म्हणून सिमेंटचे कारखाने. वैनगंगा ओलांडली की जुना ग्रॅनाइटसारखा खडक, हलकी माती, धान आणि तलाव. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. इंग्रजांच्या काळातल्या सेटलमेंटच्या अधिकाऱ्यांनीही सारा ठरवताना कन्हार, मोरंड, खरडी, बरडी अशी शेतकऱ्याच्याच तोंडची नावं कागदावर घेतली होती.

झाडांचंही तसंच आहे. सागाला खोल, भुसभुशीत, पाणी झिरपून जाणारी माती लागते, आणि चुना म्हणजे कॅल्शियम भरपूर लागतं. नदीकाठच्या गाळाच्या, निचऱ्याच्या जमिनीत तो सरळ वर जातो. उथळ मुरमाड उतारावर तोच साग वाकडा, गाठाळ होतो, आणि तिथं सालई, धावडा मजेत राहतात. पाणी साचणाऱ्या चिकण मातीत सागाच्या मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. उन्हाळ्यात हीच माती हातभर भेगाळते आणि उरलेली मुळं तुटतात. तिथं टिकतो पळस. आमच्या गावाबाहेरचा तुकडा म्हणजे जुन्या बोडीचं पोट आहे. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. तिथं साग लावायचा म्हणजे धानाच्या बांधीत कपाशी टोबण्यासारखं आहे.

बरं, हे सरकारला माहीत नव्हतं असं म्हणाल, तर तेही नाही. कॅप्टन फोरसिथ १८६० च्या दशकात मध्य प्रांताची जंगलं पालथी घालत होता. साल हे झाड काळ्या ट्रॅपच्या जमिनीवर दिसत नाही, हे त्यानं १८७१ च्या पुस्तकात नोंदवलं. १८६४ मध्ये ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानातल्या जंगल खात्याचा पहिला मुख्य झाला, आणि तो ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांवरूनच आलेला. पुढे वनाधिकाऱ्यांनी एक साधी युक्ती काढली. माती खणून तपासत बसण्यापेक्षा ठरावीक वयाचा साग किती उंच झाला ते मोजायचं, आणि त्यावरून जागेची प्रत लावायची. झाडाची उंची हाच मातीचा दाखला! मला ही गोष्ट फार आवडली. १९३६ मध्ये चँपियन यांनी देशातल्या जंगलांचे प्रकार लावले, १९६८ मध्ये सेठ यांच्यासोबत ते सुधारले. त्यात पळसाचं जंगल आणि सालईचं जंगल हे वेगळे प्रकार म्हणून दिलेत, कारण तिथं हवामानापेक्षा जमिनीचं चालतं. म्हणजे आमच्या तुकड्यावरचा पळस सरकारी ज्ञानातही त्या जागेचा हक्काचा रहिवासी आहे.

मग बिघडलं कुठं? माझ्या मते ज्ञान होतं, पण हिशोब लाकडाचा होता. इंग्रजांना जहाजं आणि रेल्वे दिसत होती. १८६५ आणि १८७८ चे कायदे करून जंगल राखीव केलं, आणि सागाला राजा करून बाकी झाडांना आलतूफालतू ठरवलं. स्वातंत्र्यानंतर तोच हिशोब पुढे चालला. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ आलं, मिश्र जंगल तोडून साग लावला गेला. बऱ्याच ठिकाणी तो चांगला आला, ते नाकारत नाही. पण मोह, तेंदू, चारोळी गेली तेव्हा ज्यांच्या घरचा उन्हाळा त्यावर चालायचा, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पुढे लाकडाची जागा आकड्यानं घेतली. २०१६ मध्ये राज्यात एका दिवसात २ कोटी रोपं, २०१९ मध्ये लक्ष्य ३३ कोटी. खड्डे मोजले गेले. खड्ड्यातली माती कुणी हातात घेतली का? मीही घेतली नव्हती. तीन फोटो छापले, तीनदा आकडा दिला, एकदाही पुढच्या उन्हाळ्यात जाऊन पाहिलं नाही. ही माझी चूक.

खाणीसाठी जंगल जातं तेव्हाही हाच प्रश्न असतो. गेलेल्या हेक्टरच्या बदल्यात दुसरीकडे हेक्टर दाखवतात. कागदावर हेक्टर सारखे दिसतात. पण नदीकाठच्या गाळावरचं शंभर वर्षांचं जंगल मुरमाच्या टेकडीवर कसं उगवणार?

आलापल्लीजवळ 'वनवैभव' म्हणून जेमतेम ६ हेक्टर जंगल कुऱ्हाडीपासून राखून ठेवलंय. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पोरांना घेऊन जा. साग तिथं एकटा नाही, दुसऱ्या झाडांच्या आणि वेलींच्या गर्दीत उभा आहे. रांग नाही, ओळ नाही.

आमच्या तुकड्याचा विषय येत्या ग्रामसभेत आहे. काकांना सोबत नेतोय. त्यांचं म्हणणं असं, की पळसाला हात लावू नका, चराई दोन वर्षं बंद ठेवा, कडेच्या नाल्यावर अर्जुन लावा, आणि सागच पाहिजे असेल तर वरच्या अंगाला, जिथं पाणी थांबत नाही तिथं, दहा-वीस जड्या लावून आधी बघा. खर्च जवळपास काही नाही, त्यामुळे हे मंजूर होईल का, याची मला शंका आहे.

तुमच्याही गावात असा तुकडा असेल. तिथली माती कोणती, पावसाळ्यात पाणी किती दिवस थांबतं, आणि न लावता काय उगवलंय, एवढं लिहून कळवा. तीनदा लावून मेलेलं काय, तेही सांगा.